गोळ्याचे सात मजले

४ फेब्रुवारी

साडूभाऊ,

पत्र बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ताईंना मध्ये घातलं की त्या तुमच्या शिव्या गाळून मला सांगतात आणि माझ्या बोलण्यात पदरचं घालून तुम्हाला सांगतात. मागच्या वेळी त्यापायी तुम्ही तीन महिने रुसून बसला होता. शिवाय गॅसचं ठिकाण असल्यामुळे इथे कारखान्याच्या गेटवर फोन काढून घेतात, तो संध्याकाळी परत मिळतो. तेव्हा कागदच बरा. कागद हा माझा प्रांत आहे असं तुम्ही सगळ्या नातेवाइकांत सांगत असताच.

काम असं आहे. बावीस वर्षांपूर्वी तुम्ही गॅस साठवायच्या ज्या लोखंडी गोळ्याला परांची बांधली होती, तोच साठ फुटी गोळा आता दुरुस्तीला काढलाय. रिकामा करून धुतलाय. बाहेरून सगळे सांधे घासून नव्याने वेल्डिंग करायचं आहे. परांचीचं काम आमच्या कंपनीला मिळालं आणि कंपनीने ते माझ्या गळ्यात घातलं. सरळ भिंत असती तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. या प्राण्याला ना भिंत आहे ना कोपरा. खालून वर जावं तर पोट अंगावर येतं, पोटाच्या वर गेलं की पत्रा आपल्यापासून लांब पळतो, आणि टेकू द्यावा अशी जागा कुठेच नाही.

माझ्या हाताखालचा मुकादम डोळे बारीक करून दोन दिवस गोळ्याभोवती फिरला आणि अकरा मजले लागतील म्हणाला. हा माणूस स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधायलाही दोन माणसं मागेल. मोठे साहेब म्हणतात, अकरा मजल्यांचे पाइपही नाहीत आणि तेवढे दिवसही नाहीत. तुम्ही हाच गोळा सात मजल्यांत बांधला होता, हे तुम्ही माझ्या लग्नात, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आणि एकदा दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या सांगितलेलं आहे. साहेबांना मी ते सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

तेव्हा तुमची ती मापांची वही पाठवा. मी ती नीट कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. वहीच पाठवा, दोरी नको. शेवटची काही वर्षं तुम्ही एक गाठी मारलेली दोरी खिशात घालून प्रत्येक वेल्डरचा हात मोजत फिरायचात. लोक पाठीमागे हसायचे, तुम्हाला तेव्हाही ऐकू येत नव्हतं म्हणून सांगतो.

धाकटी मजेत आहे, ताईंना नमस्कार सांगते.

तुमचा साडू


११ फेब्रुवारी

कागदसाहेब,

पत्र मिळालं. अक्षर छान आहे. ज्याला हाताने दुसरं काही करायचं नसतं त्याचं अक्षर छानच असतं.

सध्या माझा मुक्काम खिडकीत असतो. गुडघ्यामुळे जिने उतरत नाही, आणि कानामुळे कुणी वर येत नाही. समोरच्या इमारतीला गिलावा करायला परांची बांधतायत. पहिल्या मजल्याच्या फळ्या अशा टाकल्यात की खालून जाणाऱ्या बाईच्या पिशवीत वीट पडावी. गाठी मारणारा इसम एका हाताने गाठ मारतो आणि दुसऱ्या हाताने डोकं खाजवतो. त्याच्या मानाने तुमचा मुकादम विद्वान असेल. तरी अकरा मजले म्हणणारा माणूस परांची बांधत नाही, जिना बांधतो.

सात मजले कसे बांधले ते ऐका. गोळ्याला टेकायचंच नाही. त्याच्याभोवती पाइपांची स्वतंत्र कडी उभी करायची आणि ती एकमेकींना आवळायची, म्हणजे गोळा मध्ये नुसता बसून राहतो. खालच्या मजल्यांना फळ्या आत सरकवत न्यायच्या, वरच्यांनाही आत सरकवत न्यायच्या, फक्त पोटापाशी बाहेर. बाकी सगळं दोन मजल्यांतल्या अंतरात आहे. कमी अंतर ठेवलं की पाइप वाढतात, दिवस वाढतात आणि तुमच्यासारख्यांची झोप वाढते. मी ते अंतर माझ्या हाताने ठरवलं. मला शिडी म्हणायचे ते उगाच नव्हे. फळीवर उभं राहून हात वर केला की जिथे पोचेल तिथे पुढचा मजला, बस्स. तेव्हाचे मोठे साहेब पायरीवर उभे राहून सात वेळा मोजत होते आणि तरी पटत नव्हतं.

कुरकुर करणारे तेव्हाही होते. एक बुटका वेल्डर होता. पाचव्या मजल्यावर हात पोचत नाही म्हणून तीनदा खाली आला. तिसऱ्या वेळी मी त्याला सगळ्यांदेखत म्हटलं, "हात पुरत नसेल तर खाली बसून हातमोजे वीण." सगळा कारखाना आठवडाभर हसत होता. पुढे तो पडला, पण स्वतःच्या मूर्खपणाने. कमरेच्या पट्ट्याचा हूक काढून काम करत होता. चौकशीतही तसंच लिहिलंय. इथे मागच्या गल्लीतच राहतो, खांदा वाकडा करून चालतो. कुणी बघत नसेल तेव्हा सरळ चालत असेल.

वही थोरलीच्या भाच्याबरोबर पाठवतो आहे. पानांना वंगण लागलंय, ते पुसू नका, त्याखाली आकडे आहेत. मापं सगळी माझ्या हातात आहेत, इंचात नाहीत. तुमच्या हाताने मोजलंत तर गोळ्याऐवजी लिंबाला परांची होईल.

दोरीबद्दल जे लिहिलंत ते वाचलं.

शिडी


५ मार्च

साडूभाऊ,

तुम्ही बसला असाल तर उठून उभे राहा. सात मजले उभे आहेत.

वही मिळाली त्या दिवशीच मी कामाला बसलो. अडचण तुमच्या हाताचीच होती, पण माझ्यासारख्या कागदी माणसाने तीही सोडवली. धाकटीने ताईंना फोन करून तुमच्या जुन्या कामाच्या शर्टाची बाही मोजून घेतली. बाही अधिक पंजा, झाला तुमचा हात. तो आकडा मी कॉम्प्युटरला दिला आणि सगळा गोळा पडद्यावर फिरवून बघितला. तुमच्या वहीतलं एकही माप चुकलेलं नाही. हे मी कबूल करतो आणि पुन्हा करणार नाही.

मोठे साहेब गोळ्याभोवती दोन फेऱ्या मारून गेले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की पुढच्या महिन्यात दुसऱ्या कारखान्यात असेच तीन गोळे आहेत, ते माझ्याकडे येतील. मुकादमाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तो अजूनही अकराचं तुणतुणं वाजवतो. सेफ्टीवाल्याने कडी मोजली, क्लॅम्प हलवून बघितले, कठडे बघितले आणि हिरवी चिठ्ठी लावली. तो तक्रार करणार कशाची? परांची हलत नाही, वाकत नाही, कुठे गोळ्याला शिवतसुद्धा नाही.

वेल्डरांची टोळी सोमवारपासून चढली. त्यात एक बाई आहे. काम उत्तम करते असं म्हणतात, असेल. पण उंचीने पाच फूट, आणि तोंड मात्र सात फुटांचं. खालच्या मजल्यांवर गप्प होती. काल चौथ्यावर गेली आणि उतरून माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, वरचा सांधा हाताला लागत नाही, पुढच्या फळीवरून वाकावं लागतं, तेवढं वाकलं की पट्टा ओढून धरतो. मी म्हटलं, बाकीच्यांना कसा लागतो? म्हणाली, त्यांनाही लागत नाही, ते बोलत नाहीत. आज पुन्हा आली. जेवणाच्या सुट्टीत सगळे बसले होते. तेव्हा मला तुमचं वाक्य आठवलं. मी म्हटलं, "हात पुरत नसेल तर खाली बसून हातमोजे विणा." काय हसले लोक! मोठे साहेबसुद्धा हसले. वाक्य तुमचं आहे हे मी प्रामाणिकपणे सांगितलं.

ती वर निघून गेली. सोमवारी ही टोळी पाचव्या मजल्यावर चढते आहे. पंधरा दिवसांत काम आटपेल. मग वही घेऊन मी स्वतः येतो आणि तुमच्या खिडकीतून समोरची परांची बघू, दोघं मिळून नावं ठेवू.

तुमचा साडू


८ मार्च

हे पत्र हातात पडेल त्याच्या आधी धाकटीचा निरोप मिळालेला असेल. निरोप खरा आहे. पाचव्या मजल्यावर कुणाला चढू देऊ नकोस. चढले असतील तर उतरव. कारण निरोपात आलं असेलच, तरी माझ्या हाताने लिहितो, कारण थोरलीने त्यातलं काय गाळलं असेल ते मला माहीत नाही.

तो बुटका मूर्खपणाने पडला नाही. पाचव्या मजल्यावर पत्रा पायापाशी जवळ असतो आणि छातीच्या वर लांब जातो. माझा हात तिथवर जायचा. त्याचा जात नव्हता. वाकायला जावं तर पट्ट्याची दोरी पुरत नव्हती. हूक काढल्याशिवाय त्याला तो सांधा लागूच शकत नव्हता. हे त्याने मला तीन वेळा सांगितलं होतं, आणि तिसऱ्या वेळी मी काय म्हणालो ते तुला माहीत आहे, तू परवा तेच म्हणालास. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हूक काढला आणि काम केलं. कुणाला हसू द्यायचं नव्हतं त्याला. गोळ्यावरून घसरत आला आणि पोटापाशी फळी आणि पत्रा यांच्या फटीत खांद्याने अडकला. अडकला म्हणून वाचला.

चौकशीत मला विचारलं, परांचीत काही दोष होता का? मी म्हटलं, बघा हलवून. त्यांनी हलवून बघितली. हलली नाही. मग विचारलं, त्याने हूक का काढला असेल? मी म्हटलं, आळस. त्यांनी 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं. त्यानंतर त्याला कुणी वर चढू दिलं नाही, खाली उभंही राहू दिलं नाही. माझं मात्र नाव झालं. सात मजलेवाला.

पुढे मी प्रत्येक वेल्डरचा हात दोरीने मोजून सगळ्यांत आखूड हाताला परांची बांधायला लागलो. गोळा मिळाला की अकरा मजले, कधी बारा. कुणी विचारलं तर म्हणायचो, आता वय झालं. वहीतलं सात मजल्यांचं पान मात्र फाडलं नाही. तुला आणि तुझ्या मुकादमाला नावं ठेवीत ती वही पाठवली, तीही ते पान कुणीतरी बघावं म्हणूनच. विसरलो होतो असं म्हणता येईल, पण विसरलो नव्हतो. तुझं पाच तारखेचं पत्र आलं तेव्हा आधी मला अभिमान वाटला. बाहीचं वाचून हसलो. हसतच खाली आलो त्या बाईच्या मजकुरापर्यंत.

पत्राला तीन दिवस लागतात आणि तुझा फोन गेटवर असतो. थोरलीला म्हटलं, धाकटीला फोन लाव, सांग की परांची बंद ठेवा. ती म्हणाली, कारण काय सांगू? म्हटलं, नुसतं सांग. ती म्हणाली, कारणाशिवाय कोण ऐकेल, तुम्ही तरी ऐकलं असतं का? मग तिला ओट्यापाशी उभं राहून सगळं सांगावं लागलं. बावीस वर्षं ती त्या माणसाच्या बायकोला बाजारात बघून मान वळवत होती, कारण मी सांगितलं होतं की तिचा नवरा खोटारडा आहे. तिने फोन लावला. मला ऐकू येत नव्हतं, पण तिचं तोंड हलताना दिसत होतं. फोन ठेवून ती आतल्या खोलीत गेली आणि अजून बाहेर आलेली नाही.

तू मला मत्सरी म्हणशील. म्हण. बाईला खाली उतरव.


१७ मार्च

साडूभाऊ,

तुमचं आठ तारखेचं पत्र मिळालं, पण निरोप धाकटीने त्या रविवारी रात्रीच दिला होता. मी तो मानला नाही. मला वाटलं, तीन गोळे मला मिळणार हे तुम्हाला सोसलं नाही. धाकटीला म्हटलंसुद्धा, तुझ्या मेहुण्यांना दुसऱ्याचं नाव झालेलं बघवत नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आपल्या सासुरवाडीच्या बायका ऐनवेळी बोलायच्या थांबतात, हे माझ्याही लक्षात आलं.

सोमवारी टोळी पाचव्यावर चढली. मी खालून बघत होतो. ठरवलंच होतं बघायचं नाही, पण बघत होतो. अकरा वाजेपर्यंत सहा जणांपैकी चौघांचे हूक निघालेले दिसले. खाली असताना हे दिसत नाही, मान वर करून थांबावं लागतं. ती बाई हूक न काढता बसून होती, हातावर हात ठेवून, सगळ्या कारखान्याला दिसेल अशी.

मी चढलो. मी शेवटचा परांचीवर कधी चढलो होतो ते मला आठवत नाही आणि तुम्ही आठवण करून देऊ नका. बाईला म्हटलं, बाजूला व्हा, मी दाखवतो. पट्टा लावला आणि हात वर केला. सांधा चांगला वीतभर वर होता. वाकलो, तर पट्ट्याने कमरेत धरलं. खाली मुकादम, सेफ्टीवाला, मोठे साहेब सगळे माना वर करून उभे होते. साडूभाऊ, मी हूक काढला. का काढला ते मला अजून कळत नाही. कुणी सांगितलं नव्हतं. सगळे बघत होते एवढंच.

हात पोचला आणि पाय सुटला. डावा बूट पत्र्यावरून सरकला. बाईने मागून माझा पट्टा धरला, मला फळीवर आपटलं, आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर माझा हूक कठड्याला अडकवला. मग म्हणाली, "साहेब, तुम्हीच खाली बसून हातमोजे विणा." कुणी हसलं नाही. मला हसले असते तर बरं वाटलं असतं.

परांची त्याच दुपारी बंद केली. हिरवी चिठ्ठी मी स्वतः काढली. मोठ्या साहेबांना सांगितलं की चूक वहीची आहे. ते म्हणाले, मग वहीलाच तीन गोळे देऊ. म्हणजे तिन्ही गोळे गेले. आता अकरा मजले बांधतोय, मुकादम शीळ घालत हिंडतोय आणि मला रोज सकाळी विचारतो की साहेब, आज किती मोजू. पाइप दुसरीकडून मागवलेत, नऊ दिवस काम थांबलंय.

दोरी नको म्हणालो होतो. परवा मी स्वतः दोरी घेऊन सगळ्या वेल्डरांचे हात मोजले. सगळ्यांनी मुकाट्याने हात पुढे केले. बाईचा हात सगळ्यांत आखूड निघाला. तिने गाठ मला मारू दिली नाही, स्वतः मारली. म्हणाली, हे आधी करायचं असतं. ती दोरी मोजून झाली म्हणून सोबत पाठवतोय. ताईंनी धाकटीला जे सांगितलं ते धाकटीने मला सांगितलं आहे. मी त्यावर काही लिहीत नाही. तुम्ही इतकी वर्षं ज्याच्यावर हसलात त्याच्यावर मीही हसलो, एवढं लिहितो.

वही परत पाठवू का जाळू, ते कळवा.

तुमचा साडू


२८ मार्च

साडूभाऊ,

वही जाळू नका. परत पाठवा, आणि त्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा की सात हे एका माणसाच्या हाताचं माप आहे. अक्षर तुमचं चांगलं आहे, कुणालाही वाचता येईल. चूक वहीची म्हणालात ते मात्र भिकार होतं. वही बोलत नाही म्हणून तिच्यावर ढकललंत. माझ्याकडून शिकला असाल.

दोरी मिळाली. बाईची गाठ अगदीच गबाळी आहे, ओढली तर सुटेल. ओढलेली नाही.

जिना उतरून गेलो. चोवीस पायऱ्या, अर्धा तास. थोरली बरोबर आली. बोलत नव्हती तरी आली. मागच्या गल्लीत एका दाराशी तो फुटक्या बादल्यांना डाख देत बसतो. चांगला वेल्डर होता, हे मी पहिल्यांदाच लिहितोय. मला बघून त्याने हातातलं काम थांबवलं नाही. मी खिशातून माझी दोरी काढली आणि म्हटलं, हात पुढे कर. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. असं मला आजपर्यंत कुणी पाहिलेलं नाही, आणि मी मात्र असंच सगळ्यांना पाहत आलोय. मग उजवा हात पुढे केला. तो छातीच्या वर गेला नाही, सरळही झाला नाही. मी दोरी धरून उभाच राहिलो. त्याने तो हात खाली घेतला आणि डावा पुढे केला.

मोजला. दोरीवर माझ्या हाताची जुनी गाठ होती. तिच्या अलीकडे सहा बोटांवर त्याची गाठ आली. मी त्याला दाखवली. त्याने स्वतःची सहा बोटं उघडून बघितली, पाच आणि एक.

मी म्हटलं, "हूक तुला काढावाच लागला होता. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

त्यावर तो बोलायला लागला. बादलीकडे बघत, मान खाली घालून, चांगला पाव तास बोलत होता. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. तोंड दिसलं असतं तर ओठांवरून थोडं कळलं असतं, तेही दिसत नव्हतं. मोठ्याने बोल असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. बावीस वर्षांपूर्वी तीन वेळा बोलला होता, तेव्हा माझे कान उत्तम होते.

घरी येऊन थोरलीला विचारलं, काय म्हणाला. ती म्हणाली, बरंच काही म्हणाला. यातलं एकही अक्षर गाळणं बरोबर नाही आणि गाळल्याशिवाय मला सांगवणार नाही, तेव्हा तुम्ही त्यालाच पत्र लिहून विचारा.

म्हणून आज सकाळपासून लिहायला बसलोय. तीन कागद फाडले. तुम्हाला कागदसाहेब म्हणून सुरू करता येतं, त्याला बुटक्या म्हणून सुरू करता येत नाही. थोरलीला विचारलं, तिलाही माहीत नाही. दारावर पाटीही नाही. माझ्या परांचीवर तो चाळीस दिवस होता आणि मी त्याचं नाव कधी विचारलंच नाही. चौकशीच्या जुन्या कागदांत असेल, 'निष्काळजीपणा' लिहिलंय त्याच्याच वरच्या ओळीत. कागद हा तुमचा प्रांत आहे. तेवढं शोधून कळवा.

शिडी